दोन फडक्यांचे दिवस

घरात कुठे धूळ दिसली की सासूबाईंच्या कपाळावर एक आठी चढते, आणि ती धूळ पुसून होईपर्यंत उतरत नाही. त्यामुळे सुनेला नवी नोकरी लागली हे ऐकून त्यांना झालेला आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला.

“कसली गं नोकरी?”

“संशोधनाची, आई. भूविज्ञान संस्थेत.”

“पण करायचं काय तिथे?”

“हवेतून धूळ पडते ना, ती गोळा करायची. मग ती कुठून आली ते शोधायचं.”

खिडकीचे गज पुसणारा सासूबाईंचा हात थांबला. “गोळा करायची?”

“हो.”

“आणि शोधून झालं की टाकून द्यायची.”

“नाही, जपून ठेवायची. बाटलीत. वर तारीख घालून.”

आठी चढली. “बावीस वर्षं त्या रंगाच्या कारखान्यात धुळीच्या नावाने बोटं मोडलीस,” त्या म्हणाल्या, “आणि आता तिचाच पाहुणचार करणार?”

सुनेचे यजमान वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “घरून काम करायची सोय आहे का? म्हणजे माल इथेच मिळेल.”

“माझ्या घरात? कुठे आहे, दाखव!” सासूबाई कडाडल्या, आणि पुढचा अर्धा तास यजमानांना मनगट धरून कपाटांच्या मागे, पलंगाखाली आणि पंख्याच्या पात्यांवर फिरवण्यात आलं. धूळ सापडली नाही. शब्दकोडं मात्र अपुरं राहिलं.

सासूबाईंचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. रंगाच्या कारखान्यात केमिस्टबाईंचं काम एकच होतं. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावायचा, वाळू द्यायचा, आणि मग त्यावर भिंग धरून एखादा धुळीचा कण चिकटला आहे का ते बघायचं. चिकटला असेल तर अख्ख्या खेपेवर फुली. अशा फुल्या मारण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. (सुनेला केमिस्टबाई हे नाव इमारतीतल्या लोकांनी दिलेलं. त्यांच्यापैकी निम्म्यांची अजून समजूत आहे की बाईंचं कुठेतरी औषधांचं दुकान आहे. जिन्यात गाठून लोक त्यांना खोकल्याचं काहीतरी सुचवायला सांगतात, आणि आपण रंगातल्या आहोत असं बाईंनी सांगितलं की “मग गरम पाणीच घेतो” म्हणून खट्टू होऊन निघून जातात.) पुढे एक दिवस कारखान्याने आपलं बिऱ्हाड दुसऱ्या शहरात हलवलं. बाईंनी आपलं हलवलं नाही. एवढाच काय तो इतिहास.

भूविज्ञान संस्थेतल्या मॅडम चौतीस वर्षांच्या, केमिस्टबाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. दोघीही एकमेकींना मॅडम म्हणत, त्यामुळे त्यांचं बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला साहेब कोण ते शेवटपर्यंत कळत नसे. मुलाखतीत मॅडमनी एक इवलीशी बाटली पुढे केली. आत चिमूटभर तांबूस पूड.

“मॅडम, यात काय असेल असं वाटतं?”

बाईंनी बाटली उजेडात धरली, थोडी तिरकी केली. “लोखंडाचा ऑक्साइड. थोडी चिकणमाती. आमच्याकडे या छटेला एक्केचाळीस नंबर म्हणायचे. कुंपणाच्या भिंतींसाठी फार खपायचा.”

ती पूड मॅडमनी तीन आठवडे तंबूत राहून एका वाळवंटाच्या पोटातून आणली होती. तिला कुंपणाची भिंत म्हटलेलं त्यांना आवडलं नसावं, पण जागा त्यांनी बाईंनाच दिली. नुसता खडा बघून त्याची जन्मकुंडली सांगणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते. चिमूटभर पुडीत लोखंड किती आणि ॲल्युमिनियम किती हे मोजून देणारा माणूस हवा होता. दूरच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यावर बसून हजारो मैल येते, म्हणे. समुद्र ओलांडते, ढगात शिरते, आणि कुणाच्या तरी छपरावर उतरते. आपल्या शहरात ती किती उतरते आणि कधी उतरते, हे कुणी मोजलंच नव्हतं.

अट सहा महिन्यांची. सहा महिन्यांनी तिघांची समिती बसणार, हाती काही ठोस लागलं तर जागा पक्की, नाहीतर नमस्कार. केमिस्टबाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा आवाज अगदी हलका ठेवला होता. पण बावीस वर्षांत ‘हा कण घालवायचा कसा’ याच्या पलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ‘हा कण आला कुठून’ हा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला होता, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी त्या या प्रश्नाच्या चक्क प्रेमात पडल्या होत्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. या वयात असल्या गोष्टी सांगवत नाहीत.

संस्थेच्या गच्चीची दुरुस्ती चालू होती, म्हणून मॅडमनी विचारलं, “तुमच्या इमारतीची गच्ची मिळेल?” नव्या नोकरीच्या उत्साहात माणूस काहीही कबूल करतो. बाई म्हणाल्या, “त्यात काय, मिळेल की.”

उपकरण साधं होतं. एक रुंद, उथळ पत्र्याचं भांडं आणि त्यात काचेच्या गोट्यांचा थर. धूळ पडते, गोट्यांच्या फटींतून तळाशी जाऊन बसते, मग वाऱ्याला ती उचलून नेता येत नाही. आठवड्याने सगळं शुद्ध पाण्याने धुवायचं, पाणी गाळायचं, उरेल ते सुकवून तोलायचं. संस्थेत याला ‘संकलक’ म्हणत. सासूबाईंनी एकदा बघितला आणि ‘परात’ म्हटलं, तेव्हापासून संस्थेतही तो परातच झाला.

पण गोट्या आणायच्या कुठून? संस्थेच्या खरेदी विभागाने अर्ज परत पाठवला. खेळणी संशोधनाच्या खात्यात बसत नाहीत, असा शेरा होता. बाईंनी ‘काचेचे गोल, दोनशे चाळीस नग’ असा नवा अर्ज केला. त्यावर ‘हे खेळण्यासाठी नाहीत असं हमीपत्र जोडावे’ असा शेरा आला. शेवटी बाई स्वतःच बाजारात गेल्या. सगळ्या गोट्या एका मापाच्या हव्यात म्हणून पर्समधून मापपट्टी काढून एकेक मोजायला लागल्या. दुकानदाराने शंभर गोट्यांपर्यंत कळ काढली.

“आजी, नातवाला एवढं काटेकोर लागतं का हो?”

आजी! एकोणपन्नास म्हणजे काय वय आहे? कानावरचे दोन-चार केस सोडले तर सगळे काळे होते, आणि तेही स्वतःचे. बाईंनी उरलेल्या एकशे चाळीस गोट्या एक शब्द न बोलता मोजल्या, आणि घरी येऊन यजमानांना विचारलं, “मी आजी दिसते का?” यजमान म्हणाले, “कुणाची?” या उत्तराबद्दल ते दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करत होते.

मग गच्ची. इमारतीचे सेक्रेटरी हे नियमाचे पक्के. गच्चीवर काही ठेवायचं तर छापील अर्ज होता, आणि त्यात चारच चौकोन होते: पाण्याची टाकी, अँटेना, कपड्यांची दोरी, सौर पॅनल.

“यातलं हे काहीच नाही,” केमिस्टबाई म्हणाल्या.

“वहिनी, कशावर तरी खूण करावीच लागेल. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.”

“इतर असं काही नाही का?”

“इतर होतं. पण मग लोक इतरमध्ये काहीही ठेवायला लागले. एकाने घोड्याचा पुतळा ठेवला.”

कमिटीपुढे विषय गेला. तळमजल्याने विचारलं, धूळ गोळा केली तर आजूबाजूची धूळ ती बघून आणखी येईल का. चौथ्या मजल्याने गोट्या रंगीत घ्या, शोभा येईल, असं सुचवलं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ म्हणाले की ते तीस वर्षं धूळखात्यात होते. म्हणजे दप्तरखान्यात. तर धूळ हवी असेल तर त्यांच्या जुन्या कचेरीत जा, गच्ची कशाला अडवता? शेवटी अँटेना म्हणावं तर तार नाही, दोरी म्हणावं तर लांबी नाही, असं करत करत परातीला सर्वानुमते ‘पाण्याची टाकी’ ठरवण्यात आलं. टाकीला झाकण सक्तीचं. झाकण घातलं तर धूळ पडणार कशी, हे समजावण्यात आणखी एक आठवडा गेला आणि जाळीवर तडजोड झाली. केमिस्टबाईंनी विजयी मुद्रेने तीन पानी नियमावलीवर सही केली. तिसऱ्या पानाच्या मागची बाजू त्यांनी वाचली नाही. ती कुणीच वाचत नाही.

पहिल्या आठवड्याचं पाणी गाळलं. कागदावर जवळजवळ काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातही नाही, तिसऱ्यातही नाही. दोन महिने होत आले तरी गाळणकागद नव्या उशीच्या अभ्र्यासारखा. बाईंनी तराजू तपासला, पाणी तपासलं, स्वतःचा चष्मा तपासला. त्यातही विचित्र म्हणजे धूळ नव्हती, पण सोडियम भरपूर होतं.

“सागरी वारा!” मॅडमचे डोळे चमकले. “स्वच्छ हवा आणि मिठाचे कण. तुमच्या इमारतीवर समुद्रावरून येणारा एक प्रवाह उतरतोय, मॅडम!”

“पण समुद्र तर दोन दिवसांच्या वाटेवर आहे, मॅडम.”

“तेच तर नवीन आहे, मॅडम!”

केमिस्टबाईंना गाळणकागदाला लिंबाचा पुसट वास येतो आहे असं एकदा वाटलं होतं. पण समुद्राच्या प्रवाहापुढे लिंबाचं नाव काढायला त्यांना धीर झाला नाही. नव्या क्षेत्रात आलेल्या माणसाने नाकावर विश्वास ठेवू नये, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आणि नवव्या आठवड्यात धूळ आली. थोडीथोडकी नाही, कागद काळपट झाला. सोडियम गायब. मॅडमनी आनंदाने टाळीच वाजवली. प्रवाह पालटला! त्यांनी संस्थेच्या साप्ताहिक सभेत आलेख दाखवला. आठ आठवडे सपाट जमीन, मग एकदम सुळका, मग दहावा आठवडा पुन्हा सपाट. सुळक्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल बाण काढला होता. सभेत माना डोलल्या. एका ज्येष्ठांनी उपग्रहाची चित्रं काढून बघायला सांगितलं. बघितली. त्या आठवड्यात आकाश लख्ख होतं. वाऱ्यानेही दिशा बदलली नव्हती. मग हा सुळका कशाचा?

त्या संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी भेटले.

“वहिनी, अभिनंदन! सगळ्या टाक्यांमध्ये तुमची टाकी पहिली. मी नोटीस बोर्डावर लावणार आहे.”

“कशात पहिली?”

“स्वच्छतेत!” त्यांनी काखेतली वही उघडली. “हे बघा ना. रोजची नोंद. बाकीचे लोक महिन्यातून एकदासुद्धा वर चढत नाहीत.”

वहीत सासूबाईंचं टपोरं अक्षर होतं. रोज एक ओळ. ‘टाकी स्वच्छ केली.’ खाली सही, वेळ सकाळी साडेसात. बाई पायरीवर मटकन बसल्या. नियमावलीच्या तिसऱ्या पानामागे सेक्रेटरींनी बोट ठेवलं: ‘टाकी नियमितपणे साफ करण्याची जबाबदारी धारकाच्या कुटुंबाची राहील.’

“मध्ये आठवडाभर तेवढा खंड पडलाय,” सेक्रेटरी म्हणाले. “पण एवढं चालायचंच.”

कुठला आठवडा, ते विचारायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या आठवड्यावर एक आडवी रेघ होती आणि रेघेवर लिहिलं होतं, ‘लेकीकडे’. मॅडमनी बाण काढलेला तो सुळका म्हणजे केमिस्टबाईंच्या नणंदेचा पाहुणचार होता.

“आई, तुम्ही परात धुता?”

“मग? तू धुतेस की काय?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “रोज चाळणीत काढते, साबण लावते, नळाखाली धरते, एकेक गोटी पुसून परत लावून ठेवते. चाळीस मिनिटं लागतात.”

“कुठला साबण?”

“भांड्यांचाच. लिंबाचा.”

समुद्र दोन दिवसांच्या वाटेवरून उठून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

“अहो, पण त्यात धूळ साठवायची होती!”

“ते तू म्हणालीस खरं. पण मला वाटलं कामाची धूळ तू संस्थेत ठेवत असशील.” सासूबाईंचा आवाज बारीक झाला. “तिथे वर तुझ्या नावाची पाटी आहे. शेजारपाजारचे कपडे वाळत घालायला येतात. नावाखाली धुळीने भरलेलं भांडं बघून लोक काय म्हणतील? एवढी शिकलेली सून आणि...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर संपते. तिथून गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या, आणि सासूबाईंचे गुडघे पावसाच्या आधी दोन दिवस पाऊस सांगतात. हे गुडघे रोज बावीस पायऱ्या चढले होते, का तर सुनेच्या पाटीखाली कुणी बोट फिरवून बघू नये. केमिस्टबाईंना भांडायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्याऐवजी त्यांनी मलम आणलं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळलं. यजमानांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं, एकंदर हवा बघितली, आणि पुन्हा आत घातलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायचं होतं. सभेत लाल बाण काढलेल्या बाईला, तो बाण आपल्या नणंदेच्या घराकडे जातो, हे सांगायला जी हिंमत लागते ती केमिस्टबाईंनी दोन कप चहा घेऊन गोळा केली. मॅडमनी सगळं ऐकलं. चेहरा पडला, कान लाल झाले. समिती बसायला जेमतेम अडीच महिने होते आणि तेवढ्याच काळाची मोजणी लिंबाच्या पाण्यात गेली होती.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “रोज? एकही दिवस न चुकता?”

“एकही नाही.”

“मला त्यांना भेटायचंय.”

मॅडम घरी आल्या त्या माफी मागायला की जाब विचारायला, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं, बहुधा मॅडमनाही नाही. सासूबाईंनी त्यांना बसवायच्या आधी खुर्ची पुसली.

“तुझं नुकसान झालं म्हणे माझ्यामुळे, पोरी.”

“नुकसान नाही आजी... म्हणजे, झालं.”

“पण एक सांगू का? ती तांबडी धूळ असती ना, तर मीच हिला सांगितलं असतं. ती एरवीची नव्हेच. यंदा अजून आलेली नाही.”

दोन्ही मॅडम एकदम वळल्या. “कुठली तांबडी?”

“रस्त्याची धूळ कशी, करडी असते, भुसभुशीत. फडकं मारलं की निघते. ही तांबूस, अगदी पिठासारखी. एका फडक्याने जात नाही, नुसती पसरते. मागून दुसरं ओलं फडकं मारावं लागतं. वर्षातून सात-आठ दिवस येते. सकाळी उजेड पिवळा दिसला की मी समजते, आज दोन फडकी.” त्यांनी कॅलेंडरकडे हात केला. “मांडून ठेवते मी. पुढच्या वर्षी आधीच जुने कपडे फाडून ठेवायला बरं पडतं.”

केमिस्टबाईंनी ते कॅलेंडर रोज बघितलं होतं. कोपऱ्यांत कधीमधी दिसणारा दोनचा आकडा त्यांना दुधाच्या पिशव्यांचा वाटे.

“आजी,” मॅडमनी विचारलं, “मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे?”

“आहे की. डब्यांखाली.”

सासूबाई कॅलेंडरचं एकही पान फेकत नाहीत. ती पानं स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरतात. नवं वर्ष आलं की जुन्यावरच नवं. एका फळीवरचे डबे उतरवले, वरचा कागद उचलला, तर खाली त्याच्या आधीचं वर्ष, आणि त्याखाली त्याच्याही आधीचं. मॅडम फरशीवर बसल्या, बाह्या वर केल्या, आणि त्यांच्या तोंडावर बाईंनी आजवर न पाहिलेला भाव आला.

“वरचा थर सगळ्यात नवा,” त्या पुटपुटल्या. “खाली जावं तसं जुनं.”

“मग काय,” सासूबाई म्हणाल्या, “खालून अंथरता येतं का कधी?”

भूविज्ञानात आपण नक्की कधी शिरलो, असं पुढे कुणी केमिस्टबाईंना विचारलं तर त्या मुलाखतीचा दिवस सांगत नाहीत. त्या ही दुपार सांगतात. एक डॉक्टरेट झालेली बाई चाळीस डबे उतरवते आहे, यजमान जिन्यापर्यंत त्यांची रांग लावत आहेत, जिन्यातले शेजारी घर बदलताय का म्हणून विचारत आहेत, आणि स्वतः बाई एका उलथन्याने एक वर्ष दुसऱ्या वर्षापासून सोडवत आहेत. तेलाच्या बरणीखालचं वर्ष पार विरघळून गेलं होतं. आणखी एका वर्षाला झुरळांनी मार्च ठेवलाच नव्हता. तरी अकरा वर्षं हाती लागली. डबे परत लावायच्या आधी सासूबाईंनी सगळ्या फळ्या धुऊन घेतल्या. कित्येक वर्षांत त्यांचा इतका चांगला दिवस गेला नव्हता, असं त्यांनी मॅडमना जाताना सांगितलं.

अकरा वर्षांत एक्क्याऐंशी दिवसांवर दोनचा आकडा होता. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत, दूरच्या वाळवंटातून निघालेला धुळीचा पट्टा शहरावर आलेला दिसला तो त्यातल्या एकोणसाठ दिवशी. उरलेले बावीस दिवस जुळेनात.

“हे मे महिन्यातले सलग नऊ?” केमिस्टबाईंनी विचारलं.

“चौथ्या मजल्याने फरशी फोडली होती. विटांचा भुगा. मी लिहिलंय की शेजारी ‘मेले’ म्हणून.”

खरंच लिहिलं होतं. मॅडमनी आपल्या तक्त्यात एक नवा रकाना केला आणि त्याला ‘स्थानिक स्रोत’ असं सभ्य नाव दिलं.

आता परात. परात पुन्हा मांडली. सेक्रेटरींनी बरीच भवति न भवति करून अर्जात पाचवा चौकोन छापून घेतला, ‘धूळ’, आणि तिच्या पाहणीचं काम सासूबाईंकडेच राहिलं. अट एकच, हात लावायचा नाही. पहिले काही दिवस त्यांच्या जिवावर आलं. त्या वर जात, परातीकडे बघत, आठी घालत, आणि वहीत लिहीत: ‘टाकी घाण आहे. तशीच ठेवली.’

समितीला तीन आठवडे उरले होते आणि तांबडी धूळ काही येत नव्हती. अकरा वर्षांची पानं होती, पण पानांत लोखंड मोजता येत नाही. मॅडम नखं खायला लागल्या होत्या. केमिस्टबाईंना रंगाच्या डब्यांवरच्या छटा डोळ्यांसमोर दिसत आणि वाटे, बहुतेक परत तिकडेच बघावं लागणार, एखाद्या दुकानात भिंतींचे रंग सुचवत.

मग एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता संस्थेत फोन आला. सासूबाई फोनवर नेहमी ओरडून बोलतात, कारण माणूस लांब असतं.

“अगं ये लवकर! आली!”

“कोण आली, आई?”

“दोन फडक्यांची!”

दोन्ही मॅडम रिक्षाने निघाल्या. उजेड खरंच पिवळट होता. बावीस पायऱ्यांच्या टोकाला सासूबाई परातीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

“हात असे का, आजी?” मॅडमनी विचारलं.

“विश्वास नाही मला त्यांचा,” सासूबाई म्हणाल्या.

गोट्यांवर तांबूस साय धरली होती. केमिस्टबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी बोटाच्या टोकावर कणभर धूळ घेऊन बोट उजेडात तिरकं धरलं. बावीस वर्षं ज्याच्यावर फुली मारली, तो कण.

“एक्केचाळीस नंबर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. धूळ गेली असावी.

पुढचे वीस दिवस बाईंनी जे काम केलं ते त्यांना अगदी हातचं होतं. लोखंड, ॲल्युमिनियम, कॅल्शियम. मॅडमच्या इवल्या बाटलीतल्या पुडीशी आकडे असे जुळले की मॅडमनी तीनदा मोजायला लावले. समितीचे तिघे गंभीर चेहऱ्याचे होते, आणि मधले सर्वांत गंभीर.

“अकरा वर्षांच्या या नोंदी,” ते म्हणाले. “उपकरण कोणतं?”

“ओलं सुती फडकं,” केमिस्टबाई म्हणाल्या.

मधल्यांनी ते लिहून घेतलं.

“आणि निरीक्षक?”

“सासूबाई.”

“त्या किती विश्वासार्ह आहेत? नोंदीत खंड कधी पडला?”

केमिस्टबाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी डोळे मिटले आणि मान डोलावली. मग बाईंनी तो लाल बाणाचा आलेख पडद्यावर लावला, आणि समितीला सागरी वारा, लिंबू आणि नणंद हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधल्या गृहस्थांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

जागा पक्की झाल्याचं पत्र घेऊन केमिस्टबाई घरी आल्या तेव्हा यजमान दारातच म्हणाले, “आज पुन्हा दोन फडक्यांचा दिवस. आई सकाळपासून काहीतरी करतेय आणि मला आतल्या खोलीत जाऊ देत नाही.”

बाई आत गेल्या. खिडकीशेजारचं लाकडी कपाट आरशासारखं चकाकत होतं. फक्त वरच्या फळीच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा एक चौकोन पुसायचा राहिला होता. राहिला होता कसला, कडा अगदी सरळ होत्या, पट्टी लावल्यासारख्या. चौकोनावर पातळ तांबूस थर होता.

सासूबाई फडकं हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या. कपाळावर आठी होतीच, ती काही जाणार नव्हती.

“तेवढं तुझं,” त्या म्हणाल्या.